व्यायामशाळा आणि विम्याचा हप्ता : एका कार्यकारणविधानाचा इतिहास

नोकरीच्या ठिकाणी व्यायामशाळा काढल्याने नोकरांच्या आरोग्यविम्याचा खर्च कमी होतो, हे विधान अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८० नंतरच्या तीन-चार दशकांत इतक्या वेळा उच्चारले गेले की त्याला जवळजवळ स्वयंसिद्ध सत्याची प्रतिष्ठा प्राप्त झाली. कारखानदारांनी ते आपल्या वार्षिक अहवालांत घातले, विमातज्ज्ञांनी त्यावर आकडेमोड केली आणि अखेरीस विधिमंडळाने त्याच्या आधारे कायदाही केला. परंतु हे विधान दिसते तितके एकजिनसी नाही. त्यात दोन वेगळी वाक्ये एकमेकांत मिसळलेली आहेत. ‘व्यायामशाळेत जाणाऱ्यांचा खर्च कमी असतो’ हे एक वाक्य. ‘व्यायामशाळेमुळे खर्च कमी होतो’ हे दुसरे. पहिल्यातील षष्ठी केवळ संबंध दर्शविते. दुसऱ्यातील ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय कार्यकारणभाव सांगते. षष्ठीच्या जागी ‘मुळे’ केव्हा आणि कोणत्या गरजेने येऊन बसले, आणि ह्या स्थित्यंतराची किंमत कोणास मोजावी लागली, ह्याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

मालकाने नोकरांच्या व्यायामाची सोय करावी ही कल्पना आरोग्यविम्याहून जुनी आहे. ओहायो संस्थानातील डेटन ह्या गावी जॉन एच. पॅटरसन ह्याने १८८४ साली नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी काढली. १८९४ साली इंग्लंडला पाठविलेली सुमारे ५०,००० डॉलर किमतीची यंत्रे सदोष म्हणून परत आली, तेव्हा पॅटरसनने आपले मेज थेट कारखान्यात नेऊन मांडले आणि कामगार कोणत्या परिस्थितीत काम करतात ते प्रत्यक्ष पाहिले, असे सांगतात. त्यानंतर काचेच्या भिंतींच्या उजेडाच्या इमारती आल्या, गरम जेवण आले, कामाच्या मध्ये कसरतीची सुटी आली. पुढे व्यायामशाळा आणि विस्तीर्ण उद्यानही आले. त्या काळच्या भाषेत ह्या सर्वांस ‘वेल्फेअर वर्क’ म्हणजे कल्याणकार्य असे नाव होते.

ह्या कल्याणकार्याचे समर्थन कोणत्या शब्दांत केले जाई हे पाहण्यासारखे आहे. त्यात यंत्रे बिनचूक तयार होतील, कामगार टिकतील आणि संपाचे विचार त्यांच्या मनात येणार नाहीत, अशी भाषा आढळते. दवाखान्याच्या खर्चाचा उल्लेख त्यात येणे शक्यच नव्हते, कारण तो खर्च मालक देत नसे. आजारी पडलेला कामगार आपल्या खिशातून किंवा एखाद्या बंधुमंडळाच्या फंडातून तो भागवीत असे. शांततेची अपेक्षाही फारशी सफल झाली नाही. शिकागोजवळ पुलमन ह्या कारखानदाराने १८८० पासून वसविलेल्या आदर्श गावात क्रीडामंडळासह सर्व सोयी होत्या, तरी १८९४ चा प्रसिद्ध रेल्वे-संप तेथूनच पेटला. आणि डेटनच्या कारखान्यालाही १९०१ साली मोठ्या टाळेबंदीला तोंड द्यावे लागले. व्यायामशाळा कशासाठी, ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर अशा रीतीने घटनांनीच खोडून काढले. मात्र व्यायामशाळा राहिली, आणि नव्या उत्तराची वाट पाहू लागली.

नवे उत्तर मिळण्यास विम्याची रचना बदलणे आवश्यक होते, आणि ती टप्प्याटप्प्याने बदलली. १९२९ साली टेक्सासमधील डॅलस शहरात बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाशी संबंधित जस्टिन फोर्ड किंबॉल ह्याने शाळाशिक्षकांसाठी एक योजना आखली : दरमहा ५० सेंट भरावेत आणि वर्षातून २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात उपचार घ्यावेत. ब्ल्यू क्रॉस म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या योजनांचा हा आरंभ समजला जातो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या कायद्याने, वेतनवाढीवर निर्बंध आले. परंतु विम्यासारख्या सवलती त्या निर्बंधाच्या बाहेर राहिल्या. पगार वाढवून माणसे ओढता येईनात, तेव्हा मालकांनी विमा देऊ केला. १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून वगळला आणि ही तात्पुरती सोय कायमची झाली. अखेरचा व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा १९७४ चा. त्या वर्षीच्या निवृत्तिवेतनविषयक केंद्रीय कायद्याने, जो मालक विमा कंपनीकडून विमा न घेता नोकरांच्या उपचारांची बिले स्वतःच चुकती करील, त्यास राज्यांच्या विमाविषयक नियमांतून मोकळीक मिळाली. मोठमोठे कारखाने झपाट्याने ह्या स्वयंविम्याकडे वळले.

ह्याचा परिणाम असा झाला की कामगाराच्या हृदयविकाराचे बिल आता मालकाच्या खतावणीत थेट उमटू लागले. ही गोष्ट सर्वत्र घडते असे नाही. भारतातील १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाखाली मालकाची वर्गणी वेतनाच्या ठरावीक टक्क्यांनी आकारली जाते. एखाद्या गिरणीतील कामगार वर्षभर ठणठणीत राहिले म्हणून त्या गिरणीची वर्गणी उतरत नाही. तेव्हा व्यायामशाळेने विम्याचा खर्च कमी होतो काय, हा प्रश्न त्या व्यवस्थेत मालकाच्या मनात येण्याचे कारणच नाही. टोरांटो येथे १९७८ साली कॅनडा लाइफ ह्या विमा कंपनीच्या कार्यालयात व्यायामयोजना सुरू करून व्यायामयोजना नसलेल्या दुसऱ्या एका विमा कंपनीशी तिची तुलना करण्यात आली, तेव्हाही उपचारांचा बहुतेक खर्च प्रांतिक सरकारच्या तिजोरीतून जात होता. बचत झालीच तर ती कंपनीची नव्हे. प्रश्नाला धार आली ती अमेरिकेतच, आणि तीही उपचारांचा खर्च वाढत असताना. त्या देशात आरोग्यावरील एकूण खर्च १९६० साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्के होता. तो १९८० साली सुमारे ९ टक्क्यांवर व २०१० साली सुमारे १७ टक्क्यांवर गेला.

२

ह्याच सुमारास शब्दही बदलले. ‘कल्याणकार्य’ मागे पडून ‘फिटनेस’ आला. १९७४ साली उद्योगधंद्यांतील व्यायामसंचालकांची एक स्वतंत्र संघटनाच स्थापन झाली; म्हणजे व्यायामशाळा चालविणे हा एक पगारी पेशा बनला, आणि प्रत्येक पेशाप्रमाणे त्यालाही आपल्या उपयुक्ततेचा पुरावा देण्याची निकड भासू लागली. पुढे ‘फिटनेस’ची जागा ‘वेलनेस’ने घेतली. हा शब्द इंग्रजीत जुना असला तरी त्यास आजचा अर्थ हॅल्बर्ट डन ह्या वैद्याच्या १९५९ च्या लेखनापासून व १९६१ च्या ग्रंथापासून चिकटला. डनच्या मनात आरोग्याची एक उच्च अवस्था होती, निव्वळ रोगाचा अभाव नव्हे. मराठीतील ‘स्वास्थ्य’ ह्या शब्दाची घडण, स्वतःच्या ठायी स्थित असणे, त्या कल्पनेस विलक्षण जवळची आहे. कारखान्याच्या हिशेबात मात्र ह्या ‘स्वास्थ्या’चे मोजमाप लवकरच ‘गुंतविलेल्या एका डॉलरमागे परत आलेले डॉलर’ ह्या एककात होऊ लागले.

१९८० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दोन प्रकार स्पष्ट दिसतात. पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणून प्रुडेन्शियल विमा कंपनीच्या ह्यूस्टन कार्यालयातील व्यायामयोजनेवरचा १९८४ चा अहवाल घेता येईल. योजनेत दाखल होण्यापूर्वीचे वर्ष व नंतरचे वर्ष ह्यांची तुलना करून दाखल झालेल्यांचा मोठ्या आजारांवरील खर्च सुमारे ४६ टक्क्यांनी घटल्याचे त्यात नमूद आहे. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु माणूस व्यायामाकडे कधी वळतो ह्याचा विचार केला पाहिजे. पाठीच्या दुखण्याने महिनाभर पडून राहिलेला कारकून बरा झाल्यावर व्यायामशाळेत नाव घालतो. त्याचे मागील वर्ष खर्चाचे होते आणि पुढील वर्ष, व्यायाम केला वा न केला तरी, त्याहून स्वस्त जाण्याचाच संभव अधिक. दुसरी अडचण याहून मोठी आहे. कोल्हापुरातील एखाद्या तालमीत घुमणारी पोरे धष्टपुष्ट दिसतात, ती तालमीने धष्टपुष्ट झाली म्हणावी, की अंगापिंडाने मजबूत पोरांनाच तालमीची ओढ लागते म्हणावे? दोन्ही गोष्टी थोड्याफार खऱ्या असणार. नुसते आखाड्याच्या कडेला उभे राहून त्यांचे प्रमाण ठरविता येत नाही.

दुसऱ्या प्रकारात जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या १९७९ मध्ये सुरू झालेल्या योजनेवरील, १९८६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मोडतो. ह्या अभ्यासाचा विशेष असा की त्यात व्यायाम करणारा व न करणारा अशी विभागणी नव्हती. ज्या उपकंपन्यांत योजना होती त्यांतील सर्व नोकर एका बाजूला आणि जेथे ती नव्हती तेथील नोकर दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी होती. रुग्णालयातील उपचारांचा माणशी खर्च योजना असलेल्या दोन गटांत दरवर्षी ४३ व ४२ डॉलरांनी वाढला, तर योजना नसलेल्या गटात तो ७६ डॉलरांनी वाढला. बाह्यरुग्ण उपचारांच्या खर्चात मात्र फरक आढळला नाही. ही मांडणी पहिल्या प्रकारापेक्षा निश्चितच श्रेष्ठ होय, कारण येथे कर्ता बदललेला आहे : ‘जो गेला त्याचा खर्च’ ऐवजी ‘ज्याला जाता येत होते त्याचा खर्च’ मोजला गेला. उणीव एवढीच की कोणत्या उपकंपनीत योजना प्रथम सुरू करावयाची हे सोडत काढून ठरलेले नव्हते. खेदाची गोष्ट ही की पुढील वीस वर्षांत अनुकरण झाले ते बहुतांशी पहिल्या प्रकाराचे.

असे होण्यास अज्ञान हे कारण देता येत नाही. ही मेख १९५६ सालीच उघड झालेली होती, आणि तीही व्यायाम व हृदयविकार ह्यांचा संबंध प्रथम दाखविणाऱ्या संशोधकाकडूनच. जेरी मॉरिस ह्या ब्रिटिश वैद्याने १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक व वाहक ह्यांची तुलना केली होती. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक, जिन्याच्या शेकडो पायऱ्या चढणाऱ्या वाहकांत कमी, असा निष्कर्ष निघाला आणि तो जगभर गाजला. तीन वर्षांनी मॉरिसने व त्याच्या सहकाऱ्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली. चालकांच्या कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा तर होताच, पण तो नुकत्याच नोकरीस लागलेल्या तरुण चालकांतही मोठा होता. म्हणजे गाडी चालवून माणसे स्थूल होत होती हे जितके शक्य होते, तितकेच स्थूलतेकडे झुकणारी माणसे चालकाची जागा पत्करीत होती हेही शक्य होते. मॉरिसने हा पुरावा स्वतःच पुढे ठेवला, आणि नंतर अधिक काटेकोर अभ्यासांनी व्यायामाचा गुण सिद्धही केला. संशोधकाने आपल्याच गाजलेल्या वाक्यातील ‘मुळे’चा असा पुन्हा हिशेब मागावा, हे दृश्य विरळा होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नियमित व्यायाम शरीरास हितकर आहे ह्याविषयी वाद नाही. वाद आहे तो मालकाने बांधलेली खोली आणि मालकाने भरावयाचे बिल ह्यांच्यातील संबंधाविषयी. ह्या दोहोंच्या मध्ये अनेक पायऱ्या आहेत. खोली उघडली म्हणून माणसे आली पाहिजेत. आलेली माणसे पूर्वी घरी किंवा दुसरीकडे व्यायाम करीत नसलेली असली पाहिजेत. त्यांनी सातत्य राखले पाहिजे, त्या सातत्याने रोग टळला पाहिजे, आणि तो रोग त्याच मालकाच्या पदरी असताना व्हावयाचा असला पाहिजे. यांपैकी कोणतीही एक पायरी ढासळली की ‘मुळे’ निराधार होते.

३

इ. स. २०१० हे वर्ष ह्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षाच्या आरंभी कॅथरिन बेकर, डेव्हिड कट्लर व झिरुई साँग ह्या अर्थशास्त्रज्ञांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. स्वास्थ्ययोजनेवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे उपचारांच्या खर्चात ३.२७ डॉलर व गैरहजेरीच्या खर्चात २.७३ डॉलर वाचतात, असे सरासरी उत्तर त्यातून निघाले. मूळ अभ्यासांच्या मर्यादांची नोंद लेखकांनी केली होती. परंतु आकडा जितका लवकर प्रवासास निघतो तितक्या लवकर त्याच्या मर्यादा निघत नाहीत. दुसरे कारण म्हणजे त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात मंजूर झालेला आरोग्यसुधारणा कायदा. आरोग्यविषयक कसोटीस उतरणाऱ्या नोकरास विम्याच्या खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा २००६ च्या नियमांनी होतीच. ह्या कायद्याने ती मर्यादा ३० टक्के केली व तंबाखूसंबंधी ५० टक्क्यांपर्यंत जाण्याची वाट मोकळी केली.

कायद्यातील ह्या कलमास सेफवे ह्या किराणा दुकानांच्या साखळीचे नाव बोलीभाषेत चिकटले, कारण तिचे प्रमुख स्टीव्हन बर्ड ह्यांनी २००९ साली बक्षीस-योजनेमुळे आपल्या कंपनीचा आरोग्यखर्च चार वर्षे स्थिर राहिल्याचे जाहीरपणे सांगितले होते. वॉशिंग्टन पोस्ट ह्या वृत्तपत्राने जानेवारी २०१० मध्ये तपास करून दाखविले की खर्चातील घट २००६ ची, म्हणजे बक्षीस-योजना सुरू होण्याच्या आधीची होती. त्या वर्षी कंपनीने विम्याच्या रचनेतच फेरबदल केले होते. येथे कारणाच्या आधी कार्य घडून गेले होते. कायद्याची वाटचाल ह्या शोधाने थांबली नाही.

मधल्या काळात एक अभ्यास असा आला की ज्याने प्रश्नाचे दोन तुकडे केले. पेप्सिको कंपनीच्या सात वर्षांच्या अनुभवावरील रँड संस्थेच्या संशोधकांचा हा लेख जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना मधुमेह, दमा यांसारखा रोग आधीच जडलेला आहे त्यांची देखरेख करणाऱ्या भागात एका डॉलरमागे ३.८० डॉलर परत आले. व्यायाम, आहार इत्यादी जीवनपद्धती सुधारू पाहणाऱ्या भागात परत आले ते ०.४८ डॉलर, म्हणजे निम्मेही नाहीत. व्यायामशाळा ज्या भागात मोडते तो भाग तोट्याचा निघाला. दोन्ही भाग एकत्र मोजल्याने मात्र संपूर्ण योजना फायद्याची दिसत होती.

निर्णायक काम त्यानंतर झाले. डेमन जोन्स, डेव्हिड मॉलिटर व ज्यूलियन रीफ ह्यांनी २०१६ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील ४,८३४ नोकरांची सोडत काढून विभागणी केली. ३,३०० जणांस तपासणी, प्रश्नावली, व्यायाम इत्यादींची स्वास्थ्ययोजना व तीत भाग घेण्याबद्दल पैसे देऊ केले. १,५३४ जणांस काहीच देऊ केले नाही. विद्यापीठाच्या व्यायामशाळेत कोण किती वेळा गेले ह्याच्या दप्तरी नोंदी उपलब्ध होत्या, त्यामुळे लोक काय सांगतात यावर विसंबण्याचे कारण उरले नाही. ह्या प्रयोगाची खरी चतुराई पुढे आहे. संशोधकांनी तीच माहिती दोन रीतींनी वाचली. प्रथम त्यांनी जुन्या अभ्यासांप्रमाणे योजना मिळालेल्यांपैकी भाग घेणारे व न घेणारे ह्यांची तुलना केली. भाग घेणारे पहिल्या वर्षात व्यायामशाळेत सरासरी ७.४ वेळा गेले, न घेणारे ३.८ वेळा, उपचारांचा मासिक खर्च पहिल्यांचा ५२५ डॉलर, दुसऱ्यांचा ६५७ डॉलर. जुन्या लेखांतील सर्व आनंदवार्ता येथे हुबेहूब हजर आहे. मग त्यांनी सोडतीने पडलेले दोन गट संपूर्णपणे समोरासमोर ठेवले. व्यायामशाळेच्या फेऱ्या ५.९ व ५.८, मासिक खर्च ५७६ व ५६८ डॉलर. ह्या फरकांना संख्याशास्त्राच्या दृष्टीने काही अर्थ नाही.

एकाच माहितीतून दोन उत्तरे निघाली, ती केवळ वाक्याचा कर्ता बदलल्याने. ‘भाग घेणारा’ हे कर्तरी रूप आहे. त्या रूपात माणसाची प्रकृती, हौस, शिस्त, फावला वेळ आणि घरची परिस्थिती हे सर्व आधीच सामावलेले असते. ‘ज्यास भाग देऊ केला तो’ ह्या रूपात ह्यांपैकी काहीही येत नाही. चिठ्ठी कोणाच्याही नावाची निघू शकते. पूर्वीच्या अभ्यासांनी पहिल्या रूपावर मोजमाप करून निष्कर्ष दुसऱ्या रूपात लिहिला होता. इलिनॉयच्या संशोधकांनी हेही दाखविले की भाग घेणाऱ्यांचा खर्च योजना सुरू होण्यापूर्वीच कमी होता.

दुसरा प्रयोग दुकानांतील कष्टकऱ्यांवर झाला. बीजेज होलसेल क्लब ह्या कंपनीच्या १६० केंद्रांतून २० केंद्रे सोडतीने निवडून तेथे आहार, व्यायाम, मनःशांती अशा विषयांची योजना चालविण्यात आली. एकूण नोकर ३२,९७४. पैकी योजना लाभलेल्या केंद्रांत ४,०३७. अठरा महिन्यांनंतरचे निष्कर्ष एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. नियमित व्यायाम करतो असे सांगणारे योजनेच्या केंद्रांत ६९.८ टक्के, अन्यत्र ६१.९ टक्के. रक्तदाब, रक्तातील साखर, चरबी, उपचारांचा खर्च, गैरहजेरी ह्यांत मात्र लक्षणीय फरक नाही. तीन वर्षांनंतरच्या, २०२१ मधील लेखातही खर्चाबाबत हेच चित्र कायम राहिले. ह्या लेखांचे कर्ते होते झिरुई साँग व कॅथरिन बेकर. ३.२७ डॉलरांचा आकडा ज्या तिघांच्या नावाने जगभर फिरत होता, त्यांपैकीच हे दोघे. मॉरिसच्या विजारींच्या मापांची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे.

प्रामाणिकपणासाठी हे सांगितले पाहिजे की ह्या दोन्ही प्रयोगांत देऊ केलेली वस्तू संमिश्र योजना होती. एका बाजूला नवी व्यायामशाळा आणि दुसऱ्या बाजूला रिकामी खोली, असा प्रयोग तो नव्हे. नोकरीच्या ठिकाणच्या व्यायामशाळेवरच झालेला सोडतीचा एक चांगला प्रयोग हेदर रॉयर, मार्क स्टेर व जस्टिन सिडनर ह्यांचा आहे (२०१५). मध्यपश्चिमेकडील एका मोठ्या कंपनीच्या सुमारे १,००० नोकरांपैकी काहींना त्यांनी चार आठवडे प्रत्येक फेरीस १० डॉलर, आठवड्यास तीन फेऱ्यांपर्यंत, देऊ केले. पैसे मिळत होते तोवर गर्दी वाढली. पैसे थांबल्यावर ती बरीचशी ओसरली. ज्यांना पुढे स्वतःचेच पैसे अडकवून ठेवण्याचा करार करण्याची संधी दिली होती, त्या गटात मात्र वाढ अधिक काळ टिकली. म्हणजे खोली, यंत्रे आणि घाम पुसण्याचे पंचे उपलब्ध असूनही पहिलीच पायरी, येण्याची, डळमळीत होती. खाजगी व्यायामशाळांचे मालक हे गुपित फार दिवसांपासून ओळखून असावेत : डेला व्हिग्ना व माल्मेंडियर ह्यांच्या २००६ च्या अभ्यासात ७० डॉलरांहून अधिक मासिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते, म्हणजे दहा फेऱ्यांच्या पासाने फेरीमागे १० डॉलर पडत असताना फेरीमागे १७ डॉलर मोजत होते.

शेवटची पायरीही तितकीच कच्ची आहे. चाळिशीत केलेल्या व्यायामाने टळणारा हृदयविकार बहुधा साठी-सत्तरीतला असतो. अमेरिकेत एका मालकाकडे नोकरीचा मध्यक काळ सुमारे चार वर्षांचा आहे, आणि पासष्टी गाठली की १९६५ च्या कायद्याने स्थापिलेली सरकारी मेडिकेअर योजना खर्च उचलते. बचत झालीच तर ती पुढच्या मालकाच्या किंवा सरकारच्या खात्यात जमा होते; व्यायामशाळेचे भाडे, यंत्रांची दुरुस्ती आणि शिक्षकाचा पगार मात्र आजच्या मालकाच्या खात्यावर पडतो.

४

तरीही काही मालकांचा खर्च खरोखरच कमी होऊ शकतो, आणि त्याची रीत इलिनॉयच्या अभ्यासात सुचविलेली आहे. व्यायामशाळा व तत्सम सवलती ज्यांना आकर्षक वाटतात ती माणसे मुळातच कमी आजारी पडणारी असतील, तर अशा सवलती देणाऱ्या कंपनीकडे तशी माणसे अधिक येतील व अधिक टिकतील. कोणाचीही प्रकृती न सुधारता कंपनीचे बिल उतरेल. तेवढाच भार दुसऱ्या कोणावर तरी पडेल. दुसरी रीत सुटीची व दंडाची. जिल हॉर्विट्झ, ब्रेना केली व जॉन डिनार्डो ह्यांनी २०१३ साली असे प्रतिपादन केले की बक्षीस-योजनांतील बचतीचा उगम आरोग्यसुधारणेत नसून खर्चाचा भार कमकुवत प्रकृतीच्या नोकरांकडे सरकविण्यात आहे. हप्त्यातील सूट ज्याला मिळत नाही त्याच्या दृष्टीने ती पगारातील कपात असते; आणि कमकुवत प्रकृतीचे नोकर पुष्कळदा कमी पगाराचेही असतात.

ह्या प्रश्नाची सामाजिक बाजू सर्वांत स्पष्टपणे उघड झाली ती वेस्ट व्हर्जिनिया संस्थानात. तेथील सरकारी नोकरांच्या विमासंस्थेने ‘गो ३६५’ नावाची योजना आणली. नोकराने आपल्या हालचालींची नोंद यंत्रावर ठेवून ठराविक गुण मिळवावेत. न मिळविल्यास हप्ता दरमहा २५ डॉलरने वाढणार आणि विमा लागू होण्यापूर्वी स्वतः भरावयाची रक्कम ५०० डॉलरने वाढणार, असे तिचे स्वरूप होते. शिक्षकांची गाऱ्हाणी मुख्यतः तुटपुंजा पगार व चढते हप्ते यांविषयी होती, पण आपली पावले कोणीतरी मोजणार ही गोष्ट त्यांना विशेष झोंबली. संपापूर्वीच ही योजना मागे घेण्यात आली, तरी असंतोष शमला नाही. २२ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्व ५५ परगण्यांतील शाळा बंद पडल्या आणि ५ टक्के पगारवाढ मान्य झाल्यावर ७ मार्चला पुन्हा उघडल्या. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी डॅलसच्या शिक्षकांनी दरमहा ५० सेंट भरून ज्या व्यवस्थेचा पाया घातला होता, तिच्याच एका शाखेविरुद्ध हे शिक्षक उभे होते.

न्यायालयांतही हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत उपस्थित झाला. नोकराने आपली वैद्यकीय माहिती ‘स्वेच्छेने’ दिली पाहिजे, असे अपंगांच्या हक्कांविषयीचा कायदा सांगतो. विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम पणास लागली असताना दिलेली माहिती स्वेच्छेची मानावी काय? निवृत्तांच्या संघटनेने समान रोजगारसंधी आयोगाविरुद्ध दावा लावला. ३० टक्क्यांपर्यंतचे प्रलोभन स्वेच्छेशी सुसंगत कसे, ह्याचे पटेल असे स्पष्टीकरण आयोगास देता आले नाही, असे वॉशिंग्टन येथील केंद्रीय जिल्हा न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले; आणि तो नियम १ जानेवारी २०१९ पासून रद्द झाला.